जजसाहेबांना फोन कोण करतं?

सप्टेंबर २०२४मधला गणपतीतला तो व्हिडिओ आठवतोय ना, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या दिल्लीतल्या घरी गणपती बसलेत, आरती चाललीये आणि आरती करतायत पंतप्रधान मोदी, डोक्यावर टोपी वगैरे घालून. त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर जे काही झालं ते विचारू नका. एका काकांचं म्हणणं, "संपलं, आता शिवसेनेच्या केसचं काय होणार ते कळलंच." दुसरे काका, "अरे गणपतीला घरी आलेल्या माणसाला काय दारातून परत पाठवायचं का?" मग कोणीतरी २००९च्या मनमोहन सिंगांच्या इफ्तारचा फोटो टाकला, त्यात तेव्हाचे सरन्यायाधीश बालकृष्णन होते, मग संजय राऊतांची क्लिप आली, मग मावशीने मोदकांचा फोटो टाकून विषय बदलायचा प्रयत्न केला, तोही फसला.

मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की दोन्ही काका चुकीच्या खिडकीतून बघतायत. आपल्या डोक्यात कोर्टावरचा राजकीय दबाव म्हणजे पिक्चरमधला सीन असतो, रात्री फोन वाजतो, पलीकडून मंत्री बोलतो, जजसाहेब घाम पुसतात. असं कधी होतच नसेल असं मी म्हणत नाही. पण त्याची गरजच पडत नाही, कारण त्यापेक्षा शांत आणि सगळ्या नियमांत बसणारे रस्ते आहेत, आणि ते सगळे सरकारी फाईलमधून जातात. तेच रस्ते आज जरा उलगडून बघू.

सोसायटीचा ऑडिटर

सोसायटीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. कागदावर ऑडिटर सर्वसाधारण सभा नेमते, प्रत्यक्षात चेअरमन कोणालातरी घेऊन येतो आणि सभेत सगळे चहा-वडा खाता खाता हात वर करतात. आता समजा त्याला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हेही चेअरमनच ठरवणार, आणि वर चेअरमनचा मेव्हणा बिल्डर आहे, तो ऑडिटरला पुढे मोठं काम देऊ शकतो. आता हा ऑडिटर चोर आहे का? नाही हो, चांगला माणूस असेल बिचारा. पण लिफ्टच्या बिलावर लाल पेन फिरवताना त्याचा हात एक सेकंद थबकेल की नाही? बास, तो एक सेकंद म्हणजे हा सगळा विषय.

देशाच्या पातळीवर चेअरमन म्हणजे सरकार आणि ऑडिटर म्हणजे सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट. देशातल्या कोर्टांत सगळ्यात जास्त केसेस लढणारी पार्टी कोण, तर सरकारच. म्हणजे जो सारखा कोर्टात उभा राहणार आहे, त्याच्याच हातात जजची नेमणूक, बदली, निवृत्तीनंतरची सोय हे सगळं गेलं तर काय होईल, एवढा साधा प्रश्न आहे.

घटना लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला नव्हता असं अजिबात नाही. जजला सहज काढता येऊ नये म्हणून त्यांनी भक्कम कुंपण घातलं. सुप्रीम कोर्टाचा जज ६५व्या वर्षापर्यंत, हायकोर्टाचा ६२पर्यंत, मधे पगार कमी करता येत नाही, संसदेत त्यांच्या न्यायाधीश म्हणून वागण्यावर चर्चा करता येत नाही. काढायचंच असेल तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. हे इतकं अवघड आहे की १९९३मध्ये व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्ध चौकशी समितीने आरोप खरे धरले तरी लोकसभेत काँग्रेसचे खासदार मतदानालाच उठले नाहीत आणि प्रस्ताव पडला. २०११मध्ये सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने प्रस्ताव मंजूर केला, लोकसभेत यायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला.

म्हणजे हाकलून देण्याचा दरवाजा जवळजवळ बंद. पण वाड्याला एकच दरवाजा थोडाच असतो.

रामशास्त्री सगळ्यांना मिळत नाहीत

इथे मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे आठवणारच, मलाही आठवले. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून गेले. फार मोठा माणूस. पण जरा विचार करा, या गोष्टीत यंत्रणा कुठे आहे? एक माणूस सरळ निघाला म्हणून न्याय दिसला, त्याच्या जागी जरा संसारी माणूस असता तर? आत्ता हायकोर्टांतच मंजूर पदं अकराशेच्या वर आहेत. अकराशे रामशास्त्री कुठून आणणार? त्यामुळे व्यवस्था अशी पाहिजे की घरी ईएमआय असलेला, मुलाच्या ॲडमिशनची काळजी असलेला, बढतीची इच्छा असलेला साधा माणूस पण सरकारविरुद्ध निकाल देऊन रात्री नीट झोपू शकेल. या कसोटीवर आपली व्यवस्था कुठे गळते ते आता बघू.

पहिली गळती: वरच्या खुर्चीत कोण बसणार

सर्वात ज्येष्ठ जज तो सरन्यायाधीश, अशी प्रथा आहे. प्रथाच, घटनेत लिहिलेलं नाही. १९६४मध्ये साताऱ्याचे प्रल्हाद गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले तेव्हा त्यांच्या वरचे जज जाफर इमाम यांना तब्येतीच्या कारणाने बाजूला ठेवलं गेलं, त्यावर फार आरडाओरडा झाला नाही.

१९७३ची गोष्ट वेगळी. २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल आला, १३ जज, ७ विरुद्ध ६, संसद घटनेत बदल करू शकते पण घटनेचा गाभा मोडू शकत नाही असा. इंदिरा गांधींच्या सरकारला हा निकाल अजिबात नको होता. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, म्हणजे शाई वाळायच्या आत, नवीन सरन्यायाधीश जाहीर झाले ए. एन. रे, जे त्या निकालात सरकारच्या बाजूच्या सहांमध्ये होते. त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ असलेले शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघे डावलले गेले, तिघेही सरकारविरोधी सातांमध्ये. तिघांनी राजीनामे दिले.

आता इथे फोन कोणी कोणाला केला? कोणीच नाही. पण कोर्टातल्या बाकीच्या प्रत्येक जजला मेसेज पोचला, आणि तोही राजपत्रातून.

तीन वर्षांनी त्याचं फळ दिसलं असं मला वाटतं, सिद्ध करता येत नाही, पण वाटतं. आणीबाणीत हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात, आणि सरकार म्हणतंय की अटक बेकायदेशीर असली तरी या लोकांना कोर्टात जायचा हक्क नाही. मुंबईसकट नऊ हायकोर्टांनी सरकारचं हे म्हणणं फेटाळलं. सुप्रीम कोर्टात पाच जज बसले, २८ एप्रिल १९७६ला चौघांनी सरकारची बाजू उचलली, एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. लिहायच्या आधी खन्नांनी बहिणीला सांगितलं होतं की या निकालाने माझं सरन्यायाधीशपद जाणार. गेलंच. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून बेग यांना बसवलं, खन्नांनी राजीनामा दिला. आणि आता हा हिशोब बघा: त्या पाचांपैकी रे आधीच सरन्यायाधीश होते, बेग झाले, पुढे यशवंतराव चंद्रचूड झाले, भगवती पण झाले. पाचातला एकच कधी झाला नाही.

(यशवंतराव म्हणजे धनंजय चंद्रचूडांचे वडील, पुण्याच्या नूतन मराठीचे विद्यार्थी, सात वर्षांहून जास्त सरन्यायाधीश राहिलेले, तो रेकॉर्ड अजून त्यांचाच. वडिलांचा १९७६चा तो निकाल चूक होता असं २०१७च्या प्रायव्हसीच्या निकालात मुलानेच लिहिलं. आपल्याकडे घरात एवढं कोणी वडिलांना म्हणून दाखवावं.)

दुसरी गळती: कायम करायचं की नाही

हायकोर्टात बरेच जज आधी 'अतिरिक्त' म्हणून येतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, मग कायम होतात. प्रोबेशनवरच्या शिक्षकासारखं समजा. आणीबाणीत मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठावर यू. आर. लळीत असे अतिरिक्त जज होते, त्यांनी सरकारविरोधी तरुणांना जामीन दिला होता, आणि मुदत संपल्यावर त्यांना कायम केलं नाही. जामीन दिल्याचीच ती किंमत होती असं वकिलीच्या वर्तुळात आजही सांगतात. त्यांना काढलं का? नाही. फक्त पुढची ऑर्डर निघाली नाही. किती स्वच्छ काम. त्यांचे चिरंजीव उदय लळीत २०२२मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, ७४ दिवसांसाठी का होईना.

तिसरी गळती: गडचिरोलीला पाठवू का?

महाराष्ट्रात सरकारी नोकराला धमकी द्यायची तर हे एकच वाक्य पुरतं (गडचिरोलीकरांनी माफ करा, तुमच्या जिल्ह्याचा यात काही दोष नाही). हायकोर्टाच्या जजचीही बदली होते, घटनेच्या कलम २२२खाली, आणि त्यांची संमती लागत नाही. आणीबाणीत १६ जजच्या अशा बदल्या झाल्या.

अलीकडचं उदाहरण घ्या. अकील कुरेशी, गुजरात हायकोर्टाचे जज. २०१०मध्ये सोहराबुद्दीन बनावट चकमक प्रकरणात त्यांनी अमित शहांना दोन दिवसांची सीबीआय कोठडी दिली होती. २०१८मध्ये त्यांची मुंबई हायकोर्टात बदली झाली, तेव्हा गुजरातच्या वकिलांनी विरोध केला. २०१९मध्ये त्यांना मध्य प्रदेश हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश करा अशी शिफारस गेली, सरकारने ती परत पाठवली, आणि शेवटी त्यांना त्रिपुराला पाठवलं गेलं, जिथे जज चार-पाच. मुख्य न्यायाधीश दोन्हीकडे मुख्य न्यायाधीशच, पण मोठं हायकोर्ट आणि छोटं हायकोर्ट यात काय फरक असतो ते सांगायला नको. पुढे ते राजस्थानला मुख्य न्यायाधीश झाले, सुप्रीम कोर्टात मात्र कधीच आले नाहीत.

आणि अगदी ऑक्टोबर २०२५मधलं: मध्य प्रदेशचे जज अतुल श्रीधरन यांची छत्तीसगडला बदली ठरली होती, ती बदलून अलाहाबादला केली, आणि सरकारने फेरविचार करायला सांगितल्यामुळे हे केलं असं चक्क निवेदनातच लिहिलं. छत्तीसगडमध्ये ते ज्येष्ठतेत वर असते, अलाहाबादमध्ये बरेच खाली. मला यात सगळ्यात जास्त काय खटकलं तर तो मोकळेपणा. पूर्वी हे लपवावं तरी लागायचं.

थांबा, ही शिफारस करतं कोण? कॉलेजियम म्हणजे काय भानगड?

हाच शब्द टीव्हीवर दिवसभर चालतो आणि कोणी नीट सांगत नाही. घटनेत लिहिलंय की राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात सरकार, सरन्यायाधीशांशी 'विचारविनिमय' करून जज नेमतील. आता विचारविनिमय म्हणजे काय? लग्नाच्या हॉलबद्दल मुलीच्या वडिलांचा 'विचार घेतला' म्हणजे त्यांनी हो म्हटलंच पाहिजे का नुसतं विचारलं की झालं? १९८१मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसतं विचारलं तरी चालेल, शेवटचा शब्द सरकारचा. १९९३मध्ये त्याच कोर्टाने पलटी मारली, शेवटचा शब्द जजचा. १९९८मध्ये ठरलं की सुप्रीम कोर्टासाठी सरन्यायाधीश आणि चार सर्वात ज्येष्ठ जज मिळून नावं ठरवतील, हायकोर्टासाठी सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ. या गटाला म्हणायचं कॉलेजियम. सरकार एखादं नाव एकदा परत पाठवू शकतं, पण कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर सरकारला नेमावं लागतं.

'लागतं', पण कधीपर्यंत? ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि इथेच सगळी मेख आहे.

चौथी गळती: फाईल दाबून ठेवणं

तलाठ्याच्या ऑफिसात गेलेल्या माणसाला ही कला शिकवायला नको. नाही म्हणायचंच नाही, फक्त 'बघू' म्हणायचं. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबई हायकोर्टासाठी दिलं. सरकारचा आक्षेप काय, तर ते सोशल मीडियावर सरकारी धोरणांबद्दल मतं मांडतात. कॉलेजियमने जानेवारी २०२३मध्ये नाव पुन्हा पाठवलं, मतं असणं हा काही गुन्हा नाही म्हणून. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३मध्ये. दिल्लीचे सौरभ किरपाल यांचं नाव तर २०१७पासून फिरतंय, जानेवारी २०२३मध्ये कारणांसकट पुन्हा पाठवलं, तरी नेमणूक नाहीच.

उशिराने फक्त माणूस ताटकळतो असं नाही, त्याची ज्येष्ठताही जाते. के. एम. जोसेफ यांनी उत्तराखंडचे मुख्य न्यायाधीश असताना २०१६मध्ये तिथली राष्ट्रपती राजवट रद्द केली होती. जानेवारी २०१८मध्ये त्यांचं आणि इंदू मल्होत्रांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी एकत्र गेलं, सरकारने मल्होत्रांचं पास केलं, जोसेफ यांचं परत पाठवलं. कॉलेजियमने पुन्हा आग्रह धरला तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांची शपथ झाली, पण त्याच दिवशी शपथ घेणाऱ्या तिघांत त्यांचा नंबर तिसरा लावला. ज्या कोर्टात सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेवर आणि कधीकधी दिवसांच्या फरकावर ठरतं, तिथे नंबर खाली सरकणं म्हणजे काय ते समजून घ्या.

"पण जजनीच जज नेमायचे, ही कुठली लोकशाही?"

बरोबर प्रश्न आहे, आणि हा प्रश्न विचारणारे सगळे सरकारचे भक्त असतात असं समजू नका. २४ मे १९४९ला घटना समितीत खुद्द बाबासाहेबांनी सांगितलं की नेमणुकीत सरन्यायाधीशांना नकाराधिकार देणं धोक्याचं आहे, कारण सरन्यायाधीश कितीही मोठे असले तरी शेवटी माणूसच, आपल्यासारखेच दोष, भावना, पूर्वग्रह त्यांनाही असणार. सगळी सत्ता सरकारकडे देणंही त्यांना मान्य नव्हतं, म्हणून तो मधला 'विचारविनिमय'.

कॉलेजियमचे दोष खरेच आहेत. बंद दाराआड चालतं, अमक्याला का घेतलं आणि तमक्याला का नाही हे धड कळत नाही, घराणी दिसतात. चंद्रचूड पितापुत्र, सरन्यायाधीश झालेल्या शरद बोबडेंचे वडील राज्याचे महाधिवक्ता, तसेच सरन्यायाधीश झालेल्या भूषण गवईंचे वडील रा. सू. गवई मोठे नेते आणि राज्यपाल. यातले सगळे लायक असतीलही, पण गावाकडून आलेल्या पहिल्या पिढीच्या वकिलाला हे कुंपणासारखंच वाटणार. आणि मार्च २०२५मध्ये दिल्लीत न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या बंगल्यावर आग लागून जळक्या नोटा सापडल्याचं प्रकरण झालं (पैसे आपले नाहीत असं त्यांचं म्हणणं), तेव्हा लोकांनी विचारलंच की यांना जाब कोण विचारणार.

मग सरकारने २०१४मध्ये दुसरी व्यवस्था केली होती, राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग. सहा जण: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ जज, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. ऐकायला छान. पण नियम असा की कुठल्याही दोघांनी नाही म्हटलं तर नाव बाद. म्हणजे तिन्ही जज एकमताने हो म्हणाले तरी कायदामंत्री आणि एक मान्यवर मिळून नाव पाडू शकतात. १६ ऑक्टोबर २०१५ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा तो आयोग रद्द केला. माझं वैयक्तिक मत, कोर्टाने तो दोन जणांच्या नकाराचा नियम तेवढा काढून बाकी आयोग ठेवायला हवा होता. आता झालंय काय की कॉलेजियम कागदावर सर्वशक्तिमान, आणि फाईल सरकारच्या टेबलावर. दोघांकडेही अधिकार, जबाबदारी कोणाचीच नाही, जॉइंट अकाउंटसारखं, पैसे कोणी काढले विचारलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

"पक्षातला माणूस जज होतोच कसा?"

जुलै २०२५च्या शेवटी कॉलेजियमने मुंबई हायकोर्टासाठी वकील आरती साठे यांचं नाव दिलं आणि रोहित पवारांनी आक्षेप घेतला की या तर भाजपच्या प्रवक्त्या होत्या. भाजपचं उत्तर, त्यांनी जानेवारी २०२४मध्येच पक्ष सोडलाय. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली.

आता जरा मागे जाऊ. १९७३मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने डावललेले ते के. एस. हेगडे, ते आधी काँग्रेसचेच राज्यसभा खासदार होते! कृष्ण अय्यर केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते, पुढे सुप्रीम कोर्टाचे अत्यंत नावाजलेले जज झाले. म्हणजे पूर्वी पक्षात होता म्हणून माणूस कायमचा बाद, असं काही नाही.

उलटी उदाहरणं पण आहेत. बहरुल इस्लाम, काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९७२मध्ये थेट हायकोर्टाचे जज, १९८०मध्ये निवृत्त झाल्यावर पुन्हा शोधून सुप्रीम कोर्टात आणलेले, १९८३मध्ये राजीनामा आणि परत काँग्रेसकडून राज्यसभेत. आणि २०२४मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला, दोन दिवसांत भाजपमध्ये गेले आणि लोकसभेवर निवडून आले. माणूस कुठून आला याच्यापेक्षा मला तो कुठे जाणार आहे याची जास्त भीती वाटते. कारण आलेल्या जागेचं ऋण फेडून संपू शकतं, जायच्या जागेची आशा शेवटच्या दिवसापर्यंत असते.

निवृत्तीनंतरची खुर्ची

रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त, मार्च २०२०मध्ये राज्यसभेवर नियुक्त खासदार. अयोध्येच्या खंडपीठावर असलेले अब्दुल नझीर जानेवारी २०२३मध्ये निवृत्त, पुढच्याच महिन्यात आंध्रचे राज्यपाल. काँग्रेसच्या काळातही रंगनाथ मिश्रा निवृत्तीनंतर काँग्रेसकडून राज्यसभेत गेलेच होते. "काँग्रेसने काय कमी केलं का" असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर, नाही हो, कमी नाही, वाट तर त्यांनीच पाडली, आता त्या वाटेचा हायवे झालाय.

घटना समितीत के. टी. शहांनी सुचवलं होतं की जजला निवृत्तीनंतर सरकारी पद नकोच. बाबासाहेबांनी ते मानलं नाही, त्यांचं म्हणणं होतं की कोर्टापुढे येणाऱ्या खटल्यांत सरकारचा फारसा संबंध नसतो. १९४९मध्ये ते बरोबरही असेल, तेव्हा केसेस बहुतेक जमीनजुमल्याच्या आणि खाजगी भांडणांच्या. पुढे चित्र बदललं. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या, सेटलवाडांच्या विधी आयोगाने १९५८मध्ये निवृत्तीनंतर सरकारी नोकरी नको अशी शिफारस केली, आणि गंमत म्हणजे त्या आयोगाचे एक सदस्य, मुंबई हायकोर्टाचे गाजलेले मुख्य न्यायाधीश छागला, त्याच वर्षी अमेरिकेत राजदूत म्हणून गेले, पुढे केंद्रात मंत्री झाले. सेटलवाड त्यांच्यावर बरेच चिडले होते. भूषण गवईंनी मात्र आपण निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही असं आधीच सांगून टाकलं होतं. पण परत तेच, हे त्या त्या माणसावर सोडलेलं आहे. दोन वर्षांची सक्तीची विश्रांती एवढा एक नियम केला तर किती शंका मिटतील, पण तो करणार कोण, ज्यांच्याकडे वाटायला खुर्च्या आहेत तेच.

"पण कोर्ट सरकारविरुद्धही निकाल देतं की!"

देतं, आणि ते विसरता कामा नये. निवडणूक रोखे, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षांना देणगी द्यायची सोय, १५ फेब्रुवारी २०२४ला पाचच्या पाच जजनी एकमताने रद्द केले, सरकारला तो चांगलाच दणका होता. पण कॅलेंडर काढून बसा जरा. रोखे सुरू झाले २०१८मध्ये, रद्द झाले २०२४मध्ये, मधे एक अख्खी लोकसभा निवडणूक आणि किती विधानसभा होऊन गेल्या. नोटबंदी नोव्हेंबर २०१६, निकाल जानेवारी २०२३, तोपर्यंत जुन्या पाचशेच्या नोटा मुलांच्या खेळण्यातसुद्धा राहिल्या नव्हत्या. कलम ३७० ऑगस्ट २०१९, निकाल डिसेंबर २०२३.

कुठली केस कधी आणि कोणत्या जजसमोर लागणार हे एकटे सरन्यायाधीश ठरवतात, याला रोस्टर म्हणतात. १२ जानेवारी २०१८ला चेलमेश्वर, गोगोई, लोकूर आणि कुरियन जोसेफ या चार ज्येष्ठ जजनी थेट पत्रकार परिषद घेतली ती मुख्यतः याच रोस्टरवरून, की महत्त्वाच्या केसेस ठराविक बेंचकडे जातायत. म्हणजे तीसहून जास्त जजच्या कोर्टात एका माणसाच्या हातात घड्याळ आहे. निकाल न देणं हाही एक निकालच असतो, फक्त त्यावर सही कोणाची नसते. मी असं म्हणत नाही की प्रत्येक उशीर मुद्दाम होतो, कोर्टापुढे केसेसचा ढीग आहे हे खरंच आहे. अडचण अशी की मुद्दाम झालेला उशीर आणि ढिगामुळे झालेला उशीर बाहेरून अगदी सारखे दिसतात.

परत आरतीकडे

पहिल्या काकांनी परवा पुन्हा विचारलं, मग तू सांग त्या आरतीने काही झालं का? मला खरंच माहीत नाही काका, आणि तुम्हालाही नाही. चंद्रचूड म्हणाले होते की अशा भेटींत सौदे होत नसतात, आणि मला त्यावर अविश्वास दाखवायला काही पुरावा नाही. मी त्यांना फक्त तारखा पाठवल्या. शिवसेना फुटली जून २०२२. सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ला सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी लावली ते चुकलं, पण उद्धव ठाकरेंनी आधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही, आणि आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी ठरवावं. अध्यक्ष नार्वेकरांनी १० जानेवारी २०२४ला कोणालाच अपात्र केलं नाही. त्याच महिन्यात ठाकरे गट पुन्हा सुप्रीम कोर्टात. सप्टेंबरमध्ये आरती. १० नोव्हेंबरला चंद्रचूड निवृत्त. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्यात ज्यांच्या अपात्रतेची केस कोर्टात होती त्यातले बरेच आमदार पुन्हा उभे राहिले आणि निवडूनही आले. ते आधीच्या विधानसभेत बसायला पात्र होते की नव्हते याचा निकाल यायच्या आधी ती विधानसभाच संपली.

काकांनी दोन निळ्या टिका आल्या तरी उत्तर दिलं नाही. मावशीने मात्र विचारलं, "मग उकडीचे मोदक यंदा कोणाकडे?"